हातमोजे

ईसाल्मीच्या दूध संघात तळघरातली खोली राईमोची.
दाराला पाटी नव्हती,
पण काही बिघडलं की सगळे म्हणायचे, राईमोकडे जा.

आत चार कपाटं, चौदा सर्व्हर.
पुढून गारठा, मागून ऊब.
त्या मागच्या उबेत त्यानं एक दोरी बांधलेली,
आणि जानेवारीत, बाहेर उणे अठ्ठावीस असताना,
टँकरवाल्यांचे हातमोजे तिथं लोंबत असायचे,
लोकरीचे, बहुतेक लाल,
एकाचा जोडीदार कायमचा हरवलेला.
अख्ख्या तालुक्याच्या दुधाचे फॅट, पगार, थकबाक्या
मोजता मोजता
ती यंत्रं मोजेही वाळवून द्यायची.

मी त्याच्या हाताखाली नऊ वर्षं.
कुठला संगणक कुणाचा, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळे.
"हिशोबातल्या मार्केत्ताच्या पंख्यात मांजराचे केस,
पेंत्तीच्या कीबोर्डात राईच्या पावाचा चुरा,
साहेबांच्या यंत्रात... जाऊ दे."
दुरुस्तीनंतर दाराशी वेलचीपाव ठेवलेला असे,
कागदी रुमालात, नाव न लिहिता.

मग एस्पोहून सामुली आला, पायात पांढरे बूट.
भिंतीवर चित्र पाडलं: एक ढग, ढगातून बाण.
"तुमचे सगळे डेस्कटॉप वर जातील.
टेबलावर राहील फक्त एवढीशी डबी."
आमच्याकडे ढगात असणं म्हणजे
गांजा ओढून बसणं;
मागच्या रांगेत खसखस पिकली.
राईमो हसला नाही.
त्याच्या कानात दुसराच अर्थ वाजला असावा,
म्हातारं माणूस वर गेलं म्हणतात, तो.

डब्या आल्या. तपकिरीच्या डबीहून थोड्या मोठ्या, मुक्या.
पंखा नाही, केस नाहीत.
खोटं कशाला बोलू, कामं सोपी झाली.
रात्री-अपरात्रीचे फोन थांबले.
मार्केत्ता आता घरी, मांजर मांडीवर घेऊन,
काल जिथं सोडलं तिथून पुढे टाइप करते.
मला नवं नाव मिळालं, सेवा समन्वयक.
मी तक्रारी पुढे सरकवते, डब्लिनला की कुठे,
उत्तरं येतात, फार सभ्य,
दर वेळी वेगळ्या नावाच्या सहीनं.

राईमोला मिळालं एक पत्र. मार्चअखेरपर्यंतचं.

फेब्रुवारीत फुटलेला नळ शोधताना
नगरपालिकेच्या यंत्रानं केबलच उपटली.
एक्केचाळीस पडदे एकदम कोरे.
फाटकाशी टँकर उभे, कुणाचं दूध कुठल्या टाकीत
कुणालाच ठाऊक नाही.
आणि सगळे, कुणी कुणाला न सांगता,
तळघराचा जिना उतरले.
त्याच्या दारापासून वरच्या पायरीपर्यंत रांग.

आत जमिनीवर चार चौकोन, बाकी फरशीहून उजळ.
राईमो खुर्चीत.
तो रांगेकडे पाहत राहिला, मग म्हणाला,
"इथं काहीच मोडलेलं नाही.
म्हणून मला काही दुरुस्त करता येत नाही."
आणि उठून त्यानं कॉफी टाकली, एक्केचाळीस जणांची,
सहा कपांच्या यंत्रात, पुन्हा पुन्हा.

एस्को आला, मिशांवर बर्फ,
त्यानं न बघता ओले मोजे दोरीवर टाकले.
दोरी तेवढी राहिली होती,
मालमत्तेच्या यादीत ती कधी नव्हतीच.

दोन वाजता केबल जोडली गेली.
सगळे वर गेले, कप तिथंच ठेवून.
मी मोजे चाचपले. ओलेच.
कुठल्या तरी इमारतीत, जी मला नकाशावर दाखवता येणार नाही,
आमची ऊब अजून निघत असेल,
आणि तिथं पाठीमागून जाणारं एखादं माणूस
दोरी बांधायला खिळा शोधत असेल, किंवा नसेल.

एस्कोनं मोजे तसेच चढवले,
बोटं एकदा उघडली, मिटली,
आणि टँकर सुरू केला.